क्रमांक शून्य

वर्कुमच्या पुलावर बाबांनी एकतीस वर्षं काढली.
होडी आली की गळाच्या काठीला बांधलेला
लाकडी बूट खाली सोडायचे,
नावाडी त्यात पुलाची नाणी टाकायचा.
तोवर रस्ता अडलेला:
दुधाचा टँकर, सायकलींवरची पोरं, एकदा तर अख्खी प्रेतयात्रा,
सगळे एका हेलकावणाऱ्या बुटाकडे बघत.

माझा एडिटरही आधी असाच.
बाहेरच्या प्रोग्रामला काही विचारलं
की उत्तर येईस्तोवर थिजून बसायचा.
मग मी वाहिनी उघडली.
आता प्रत्येक निरोपाच्या कपाळावर आकडा असतो.
सतरा: ही ओळ तपास.
अठरा: या शब्दाचं फ्रिशियन रूप शोध.
निरोप जातात, मी टाइप करत राहते.
उत्तरं येतात हवी तशी, अठरा आधी, सतरा मागून,
पण ज्याचा आकडा त्याच्याच दारी.
वाट बघायची दोन सेकंद. पुढे दार बंद.

मार्चमध्ये बाबांच्या डोक्यात एक शीर फुटली.
उजवा हात गेला, बोलणं अर्धं परत आलं.
विचारते, सूप गार झालं का?
ते कालव्याकडे बघतात.
मी लगेच दुसरं विचारते, आणि तिथंच चुकते.

बुधवारी पाव खाता खाता म्हणाले, "हिरवा."
मला वाटलं, भरकटले.
रात्री दात घासताना ध्यानात आलं,
सोमवारी मीच विचारलं होतं
हेसेलकाकाच्या होडीचा रंग.

तेव्हापासून वही केली.
एकेचाळीस: त्या नर्सबाई चालतील ना?
बेचाळीस: आईचा फोटो इथं लावू?
उत्तर आलं की आकडा शोधायचा, खूण करायची.
दोन सेकंदांचा नियम घरात लागू नाही.
बेचाळीसला नऊ दिवस लागले.
"खिडकीत."
एकेचाळीस अजून वाटेत आहे.

शून्य क्रमांकाचं मात्र वेगळं.
पलीकडचा आपण होऊन बोलतो, कुणी न विचारता,
तेव्हा निरोपावर शून्य असतं.
ते झेलायला निराळं फंक्शन लागतं,
नाहीतर निरोप येतो
आणि कुणाला न कळता विरून जातो.
मी ते लिहायचं टाळत आले होते.
आज करू, उद्या करू.

काल संध्याकाळी एक चूक काही केल्या सापडेना.
खांद्याला काहीतरी टेकलं.
वळून बघते तर दारात बाबा,
डाव्या हातात ती काठी, थरथरत,
दोरीच्या टोकाला बूट,
बुटात पेपरमिंटची एक गोळी.

गोळी तोंडात टाकली.
बूट तसाच लोंबकळत.
ते काठी वर घेईनात, हलेनात.
मागे स्क्रीनवर काही उमटलं असावं.
मी खिसे चाचपत होते,
एखादं नाणं आहे का.