टाकलेली

कंपनीची बस सहाला द्वारकेवरून सुटते.
काचेवरच्या धुक्यात मी बोटाने रेघ मारते,
पिंपळगाव येईपर्यंत ती पुसलेली असते.

पॅकहाऊसमध्ये डोक्याला टोपी, हातात मोजे
आणि एक प्लॅस्टिकचं कडं, सोळा मिलिमीटरचं.
दाणा अडकला तर परदेश.
आरपार गेला तर निळा क्रेट.
सुपरवायझर मान वर न करता म्हणतो,
"टाका."
दिवसातून हजारदा.

हा शब्द माझ्या ओळखीचा आहे.
संगमनेरला सासूने तो आधी कुजबुजत वापरला,
मग जेवताना, मग पाहुण्यांसमोर.
सात वर्षं, तीन डॉक्टर, चाळीस दिवसांचा एक उपास,
आणि एका दुपारी नवऱ्याने मला
ठक्कर बाजारच्या स्टँडवर उतरवलं.
अनुग्रह त्याचं नाव.
बॅग खाली ठेवली, पाण्याची बाटली घेऊन दिली,
झाकणही उघडून दिलं.
तेवढी माया त्याच्याकडे उरली होती.

क्रेट भरता भरता कधी एकटीच हसते:
बी नसलेलं द्राक्ष बोटीने हॉलंडला जातं,
बी नसलेली बाई
माहेरी, शरणपूरला.

आजोबा सांगायचे, ही वस्तीच तशी.
वाळीत पडलेले आले, जहाजांवरून सोडवलेले आले,
ज्यांना कुणी ओसरीवर घेतलं नाही
त्यांनी इथे विहीर खणली.
ऐकायला बरं वाटायचं. पण मी देवळात
मागच्या बाकावर, खांबाआड.
प्रभुभोजनाला सगळे उठून पुढे जात
तेव्हा मी गीतपुस्तकाची पानं मोजायची.
देवाशी भांडण नव्हतं.
बोलणंच नव्हतं.

फेब्रुवारीत देवदानकाका, घंटा वाजवणारे,
वाटेत सायकल थांबवून म्हणाले,
"पोरी, तुमच्याकडचे उरलेले दाणे मिळतील का?
रसाची बाटली महागली.
चांगले नकोत हां. चांगले कशाला,
शेवटी चुरडायचेच आहेत."

गेटपासवर सही घेऊन पाच किलो आणले,
बारीक, तिरळे, उन्हाने डागलेले.
सगुणामावशीच्या स्वयंपाकघरात आम्ही ते चुरडले,
उकळले, तिच्या मालकांच्या जुन्या धोतरातून गाळले.
रंग फिकाच आला.
मी म्हटलं, टाकलेल्या मालाचा रंग असाच.
मावशी ढवळायची थांबली.
"टाकलेल्याचं काय घेऊन बसलीस?
बी मातीत टाकतो, भार देवावर टाकतो,
पाऊलसुद्धा टाकावंच लागतं बाई.
कुठे टाकलं, ते बघावं."
मला पटलं नाही.
धोतर पिळताना बोटं चिकट झाली, एवढंच.

रविवारी उठले.
का, ते सांगता यायचं नाही.
गुडघे टेकले, पेला ओठांशी आला,
गार, जरा आंबूस,
आणि मी ओळखला:
मंगळवारचा माल. चार नंबरचा बेल्ट.
माझ्याच कड्यातून घसरलेले,
माझ्याच हाताने टाकलेले.
आणि ज्याचं रक्त म्हणून ते मला मिळत होतं
त्यालाही वेशीबाहेर नेऊन टाकलं होतं,
आपल्याच माणसांनी.
हे लहानपणापासून पाठ होतं मला.
पाठ होतं. चव नव्हती.

रडले वगैरे नाही.
खांबाआडच्या जागेवर परत गेले
तर तिथे कुणाचं तरी पोर झोपलं होतं,
म्हणून पुढच्या बाकावर बसले.

सोमवारी बस सहाला.
काचेवर रेघ. कडं तेच, सोळाचं.
एक दाणा आरपार घसरला,
तळहातावर क्षणभर धरला
आणि निळ्या क्रेटमध्ये ठेवला.
टाकला नाही. ठेवला.

सुपरवायझर म्हणाला, "बाई, हात चालवा."