लॉट एकशे बारा

ड्रेस्डेन, नोव्हेंबरातला शनिवार.
एल्बेवर धुकं बसून आहे
आणि मी डोळ्याला भिंग लावून.
एकोणीस वर्षं हेच विचारतो यंत्रांना:
पडदा विरलाय का, काचेत बुरशी धरली का,
सेकंदाचा पाचशेवा भाग अजून खरं बोलतो का.
बोटांनी घासून काळा रंग गेला, पितळ उघडं पडलं,
की लिहितो "वापराच्या खुणा" आणि किंमत उतरवतो.
कधी चढवतोही.
पितळाचं काही सांगता येत नाही.

लॉट एकशे बारा. साल पंचावन्न.
वरच्या पट्टीवर कोरलेल्या क्रमांकात
एक सात दोनदा उमटलाय, केसभर सरकून,
हललेल्या हातानं काढलेल्या फोटोसारखा.
माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना आहे: दोष.
आणि त्याच दोषापायी
ओसाकाहून आगाऊ फोन येऊन गेलेत.

ती आली काल, मांडणीच्या दिवशी,
काठी खुर्चीला टेकवून म्हणाली, रोझविता चिर्नर,
कोरणी विभाग, दुसरी पाळी.
मी पांढरे हातमोजे पुढे केले.
तिच्या गाठाळ बोटांवरून ते चढेनात.
राहू द्या, म्हटलं.

तिनं डोळ्याला लावलाच नाही कॅमेरा.
अंगठ्याचं नख फिरवलं त्या सातावरून,
एकदा, परत एकदा.
"पहाटे चारपर्यंत नाचले होते," ती म्हणाली,
"ट्रम्पेटवाला होता एक, लाइपझिगचा.
यंत्रावर बसले तेव्हा पायच थांबेनात,
हाताला काय बोल लावायचा?
मुकादमानं अर्ध्या दिवसाचे पाच मार्क कापले.
भंगारातच जायचा हा,
पण महिनाअखेर होती, आकडा भरायचा होता."

फोटो आहे का त्याचा? मी विचारलं.
ती हसली. "कॅमेरा कुणाकडे होता?"

आज ती मागच्या रांगेत, कोट न काढता.
दोन हजारांवरून सुरुवात.
ओसाका तीन. ग्रात्सचा दंतवैद्य साडेतीन.
खोलीत युरोंची बोली चाललेली,
आणि ती आपल्या सॅक्सन बोलीत
शेजारच्याला काहीतरी पुटपुटतेय.
आठ. साडेआठ. टेलिफोनवरची पोरगी मान हलवते.
अकरा हजार पाचशे, एकवार, दोनवार,
हातोडा.

टाळ्या झाल्या. कुणासाठी, ते नक्की नाही.
नियमानं मला काही बोलता येत नाही.
मोल माझ्या सहीनं ठरलं खरं,
पण त्या सहीत तिची रात्र कुठे बसवायची,
हे कुणी शिकवलेलं नाही.

दंतवैद्यानं खोकं दोन्ही हातांनी घेतलं,
उपटलेला दात ट्रेमध्ये ठेवावा तसं जपून.
चार नंबरची ट्राम यायची होती.
दारात थांबून तिनं त्याला नीट न्याहाळलं,
बुटांपासून वरपर्यंत,
मग माझी बाही ओढली.

"हा नाचतो का हो?"

ठाऊक नाही, म्हटलं.

"मग विचारून घ्यायचं होतं ना,
बोली लावण्याआधी."