वाटेवरचा कर

मर्ना हाउगेन हरणांच्या गळालेल्या शिंगांची
बटणं करते.
शिंगं थंडी सरता सरता आपसूक गळतात,
टेकड्यांवर पडून राहतात,
त्यांच्यावर अजून कुणी कर बसवलेला नाही
असं ती म्हणते, पण आवाज खाली आणून,
कुणी ऐकलं तर बसवतील.

वॉशिंग्टन राज्याचा पूर्व कोपरा.
गहू, मग पुन्हा गहू, धान्याचं एक उंच कोठार,
आणि दुपारी दीड तास जेवायला जाणारं पोस्ट ऑफिस.
मी इथल्या लोकांचे हिशेब लिहिते:
एक वेल्डर, दोन न्हावी,
मधमाश्यांचा एक संतापी मालक, आणि मर्ना.

सहा बटणांचा संच चौदा डॉलर.
टपाल सव्वापाच.
हे सव्वापाच तिच्या मुठीत
गॅरेजपासून टपालाच्या खिडकीपर्यंत राहतात, बस.
लेलँड पाकीट तराजूवर ठेवतो,
शिक्का मारतो,
पैसे त्याच्या गल्ल्यात.
म्हणून चार वर्षं तिने गिऱ्हाइकाकडून कर घेतला
तो बटणांवर. वाटेवर नाही.
वाट काही तिने कोरलेली नव्हती.

मग महसूल खात्याचं पत्र आलं, फार सभ्य.
विक्रीची किंमत म्हणजे वस्तू
आणि ती पोचवणं, दोन्ही मिळून.
पाकिटामागे सरासरी बेचाळीस सेंट राहिले,
पाकिटं सत्तावीसशे.
अकराशे चौतीस डॉलर.
व्याज वेगळं.

तिने ते उभ्यानेच वाचलं,
चष्मा पुसून परत वाचलं,
आणि यंत्राखालचा शिंगांचा भुगा झाडायला घेतला,
जो सकाळीच झाडून झाला होता.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
हे ठाऊक होतं.
मसाल्यालाही कर लागतो
हे कोंबडीला कोण सांगणार?

मी म्हटलं, टपाल फुकट असं लिहू,
संचाची किंमत एकोणीस पंचवीस करू.
कर तेवढाच, पण पत्र तरी येणार नाही.
तिने पाटीवर लिहून पाहिलं. पुसलं.
"एवढी महाग बटणं मी करत नाही," म्हणाली.
शिवाय दर पोचायच्या गावाचा:
एकाच रस्त्याची डावी बाजू शहरात, उजवी बाहेर,
दोन घरं, दोन आकडे.
मोठ्या दुकानांत हे यंत्र पाहतं.
इथे मी पाहते, रात्री, भिंग घेऊन.

जूनमध्ये ॲम्ब्रोस टिली यांचा फोन आला.
कोटाचं एक बटण हरवलंय, एकच हवंय.
बटण अडीच, टपाल सव्वापाच,
मर्ना पुढचं सांगू लागली
तर म्हणाले, "राहू दे, मीच येतो."
एकशेदहा मैल.
जुना पिकअप, काचेवर मेलेले किडे,
जूनमध्ये अंगात लोकरीचा कोट.

अडीच डॉलर, वर वीस सेंट.
त्यांनी मोजून सुटे ठेवले.
मला राहवेना, मी मनातल्या मनात
पेट्रोलचा हिशेब मांडला,
पेट्रोलवरच्या कराचाही,
आणि मध्येच सोडून दिला.
बहुधा माझ्या तोंडावर दिसलं असावं.
"वाट माझी मी घेऊन आलो," ते म्हणाले.

मर्नाने कोट काढायला लावला,
बटण तिथेच शिवून दिलं, दोरा दातांनी तोडला.
शिवण्याचे पैसे घेतले असते
तर त्यावरही कर झाला असता.
तिने घेतले नाहीत.
मी विचारलं नाही.

त्या दिवसाची नोंद माझ्या वहीत अशी आहे:
बटण, एक नग. अडीच डॉलर. कर वीस सेंट.
पोचवणूक या रकान्यात
मी एक आडवी रेघ ओढली,
जरा लांबच ओढली गेली.

तिसरा हप्ता सोमवारी भरायचाय.