लाल खुर्च्या

मस्जिद बंदरला, दुसऱ्या मजल्यावर,
मी निर्यातीचे कागद टाइप करते. अकरा वर्षं झाली.
प्लास्टिकच्या खुर्च्या, लाल, हात असलेल्या,
एकीत एक बसवून बाराशेचा कंटेनर.
जातात लागोसला.

हकिमुद्दीन शेठ सकाळी आधी तेलाचा भाव बघतात,
मग चहाला हो म्हणतात.
भाव वर गेला की दाणा महाग, जहाजाचं भाडं महाग,
तिसऱ्या मशीनवरचा मुलगा गावी.
एवढं मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

म्हणून त्या वर्षी भाव धाडकन पडला
तेव्हा आम्ही जिलबी आणली.
दाणा स्वस्त. डिझेल स्वस्त. कारखान्यात दोन पाळ्या.
शेठ म्हणाले, वैजयंताबेन, आता तुमची बोटं दुखणार.

दुखली नाहीत.
लागोसचे ओकोरोसाहेब फोनवर हळू बोलत होते.
त्यांचा देश तेल विकतो, आणि जवळजवळ तेलच विकतो;
भाव पडला तशी तिथल्या बँकेत डॉलरसाठी रांग लागली,
आणि रांगेत ते बरेच मागे.
लग्नं होतायत हो, म्हणाले,
पण लोक उभ्यानंच जेवतायत.

कळंबोलीच्या गोदामात नऊ हजार खुर्च्या.
एकीवरही कुणी टेकलेलं नाही.
मोजायला गेले, त्या लाल मनोऱ्यांमधून अंग चोरत चालले,
तेव्हा वाटलं,
इतकी वर्षं ज्या भावाला आपण शिव्या घातल्या
तोच आपल्या गिऱ्हाइकाचा पगार होता.
शेठना बोलले नाही. त्यांना ठाऊक असणार.
त्यांनी नुसतं चहाला नको म्हटलं.

दिवाळीला अर्धा बोनस, वर एक खुर्ची.
ती डोक्यावर उलटी धरून माहुलला आणली,
गॅलरीत ठेवली.
समोर रिफायनरीची ज्योत, पलीकडे समुद्रात टँकर.
भरून आलेलं जहाज खोल बसतं.
धक्क्याला लागून उपसलं जातं तसं तासातासानं वर येतं,
आणि पोटाचा लाल पट्टा उघडा पडतो,
थेट माझ्या खुर्चीचा रंग.
मी बसल्या बसल्या बघते. आई म्हणते, त्यात काय बघायचं?

आज भाव पुन्हा चढलाय.
दुपारी ओकोरोसाहेबांचा निरोप : सहा कंटेनर, लवकर.
मी शेठना वाचून दाखवला.
ते हसले, मग कॅल्क्युलेटर ओढला,
मग विचारलं, दाणा आज काय भाव?
सांगितला.
बटणांचा आवाज येत राहिला बराच वेळ.
चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरत होती.