चौदावी ओळ

अंबडच्या कंपनीत खैरनार सरांची खुर्ची मला मिळाली,
तिच्या एका हाताला चिकटपट्टी.
सोबत एक स्क्रिप्ट, नऊ वर्षं जुनी.
रोज रात्री दोन-दहाला उठायची,
सिन्नर, ओझर, दिंडोरी, जानोरी,
अकरा मशीनची दारं उघडून
दिवसाचा हिशेब उचलून आणायची.
कुणी जागं लागत नव्हतं.

चौदाव्या ओळीत पासवर्ड. उघडा,
दोरीवर टाकलेल्या पंचासारखा.
स्क्रिप्ट चालू असताना
दुसऱ्या कुणी चालू कामांची नुसती यादी मागितली
तरी त्या यादीत तो उभा.

तो इथे लिहीत नाही.
कवितेतही नाही.
एवढंच सांगते, त्यात एका बाईचं नाव होतं,
आणि खैरनार वहिनींना मी ओळखते.
त्यांचं नाव वेगळं.

माझे वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते.
नोटा मोजायचे.
सुटताना गेटवर डबा उघडून दाखवायचा,
झाकण वेगळं, वाटी वेगळी.
आज किती मोजल्या विचारलं की म्हणायचे,
हाताला माहीत. मला नाही.

मी किल्ल्यांची जोडी केली.
एक इथेच, स्क्रिप्टशिवाय कुणाला वाचता न येणारी.
दुसरी अकरा दारांना वाटली;
ती कुणी पळवली तरी पळवू दे,
तिनं ओळख पटते, आत शिरता येत नाही.
आणि दारांना बजावलं :
ही आली तर फक्त हिशेब द्यायचा,
पाणीसुद्धा विचारायचं नाही.
मग जुना पासवर्ड सगळीकडे बंद.
जुन्या लॉगमध्ये, बॅकअपमध्ये
ते नाव सतरा ठिकाणी सापडलं.
पुसताना उगाच
दरवाजा लोटून घेतला.

सर आता धुळ्याला असतात. फोन केला.
“चौदावी ओळ काढली, सर.”
बराच वेळ त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत राहिला.
“बाकीचं चालतंय ना?”
“चालतंय.”
“मग झालं तर.”

त्या रात्री मी थांबले. गरज नव्हती.
दोन-दहाला सिन्नर उघडलं. ओझर.
नऊ वर्षं, रात्री अकरा-अकरा वेळा
घेतलं गेलेलं नाव
कुणी घेतलं नाही, आणि दारं उघडत गेली.
जानोरी शेवटची. तिथली लाइन कच्ची,
नेहमीच वेळ लावते.
मी बसून राहिले.