प्रयोजन

हिल्फच्या लॉजवर रजिस्टरात एक रकाना होता:
येण्याचं प्रयोजन.
बावीस वर्षं या देशात
तो रकाना माझ्या वतीनं कंपनीच भरत आली.
पेन धरून मी नुसताच उभा,
तेव्हा काउंटरवरच्या सालिमनं वही आपल्याकडे फिरवली,
उजवीकडून डावीकडे एक शब्द लिहिला.
"सियाहा. मतलब घूमना. ठीक?"
"ठीक," मी म्हणालो,
चोरी पकडली गेल्यासारखा.

सोहारच्या सिमेंट कारखान्यात मी स्टोअरकीपर.
म्हणजे होतो. सोमवारी हिशेब मिळाला,
व्हिसाचे उरले अकरा दिवस.
बशीर म्हणाला, सोनं घे.
मी शन्नाच्या धक्क्यावरून मसिराची बोट घेतली.
बोटीवर एका पिकअपमध्ये तीन शेळ्या,
एकात खोक्यातलं नवं वॉशिंग मशीन,
आणि कठड्याला धरून मी,
कुणाच्याच चलनावर नोंद नसलेला माल.

खोलीत दोन पलंग.
एकावर मी, दुसऱ्यावर बॅग.
इतकी वर्षं माझ्या वरच्या बंकवर कुणीतरी कूस बदलायचं,
लोखंडी पट्ट्या करकरल्या की अंगाला कळायचं, रात्र झाली.
इथे काहीच करकरेना.
दीड वाजता उठून कोपऱ्यातला रिकामा फ्रिज चालू केला.
तो बशीरसारखा घोरू लागला,
मग कुठे डोळा लागला.

वारा सकाळी नऊला येतो, ड्यूटीवर आल्यासारखा,
आणि संध्याकाळपर्यंत सुट्टी घेत नाही.
किनाऱ्यावर एक उंटीण, तिचं पिल्लू,
एक फुटकी निळी होडी.
लहानपणी कृष्णेत शिकलो होतो पोहायला,
कमरेला भोपळा बांधून, मामाच्या शिव्या खात.
इथे समुद्राकाठी बावीस वर्षं काढली
आणि पाणी पाहिलं ते बसच्या काचेतून.
शर्ट घडी करून होडीत ठेवला. पाकीट त्याखाली.
त्यावर दगड.
मग पुन्हा पाकीट काढून दुसरीकडे लपवलं,
कुणीही नव्हतं तरी.
आत गेलो. मीठ नाकात, डोळ्यांत.
नदीसारखं हे पाणी खाली ओढत नव्हतं,
उलट वर ढकलत होतं,
काय रे, एवढा उशीर?

रात्री वैजयंताचा फोन.
"बरोबर कोण आहे?"
कुणी नाही, म्हणालो.
ती थोडा वेळ गप्प.
"मग बोलताय कुणाशी दिवसभर?"
सांगता आलं नाही की दुपारी
उंटिणीला मी माझं नाव सांगितलं,
पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.
"जेवलात का," तिनं विचारलं. जेवलो होतो.
सुरमई, भात, आणि लिंबू, न मागता दोन.

खमीस म्हाताऱ्यानं गाडीचे दिवे मालवले.
बोलायचं नाही, बॅटरी लावायची नाही.
ती वाळूत आधीच होती,
परातीएवढं खापर, त्यावर शेवाळ,
मागच्या वल्ह्यांनी खड्डा उकरत,
पोळपाटावर पीठ सारखं करावं तशी वाळू सारखी करत.
मग अंडी. दोन, तीन, एकदम चार.
मला सवय, मी मोजू लागलो.
अठ्ठावीस, एकतीस, सत्तेचाळीस.
तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.
खमीस कानात कुजबुजला, रोती नहीं, नमक निकालती है.
त्र्याऐंशी. त्यापुढे माझा आकडा चुकला.
बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकला
आणि सही मागायला कुणी आलं नाही.
तिनं खड्डा बुजवला, मागे वळून न बघता पाण्यात गेली,
ट्रॅक्टर गेल्यासारखी खूण ठेवून.
पहाटे वाऱ्यानं तीही घेतली.

चौथ्या दिवशी परतीची बोट.
सालिमनं किल्ली घेतली, म्हणाला, फिर आना.
कुठल्या व्हिसावर, हे त्यानं विचारलं नाही,
मीही नाही.
खिशात एक शिंपला, कानाला लावण्याजोगाही नाही,
कडेला तुटलेला.
बेट बारीक होत गेलं तसं
मी उगाच उठून कठड्याजवळची पेटी उघडली.
लाइफ जॅकेटं.
पाटीवर लिहिलेली साठ.
भरली अठ्ठावन्न.