मालकाचा रकाना

तासगावात एप्रिल तापलाय, पत्र्यावर पापड भाजावा असा,
आणि मी कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात
स्वेटर घालून बसलोय,
चेंबर दोनच्या भिंतीला पाठ लावून,
कुणीतरी टाकायला काढलेल्या कॉम्प्युटरपुढं.

पुण्याचा माणूस साठ हजार म्हणाला,
वर दरसाल देखभाल.
शेठ म्हणाले, सुकुमार, तुला येतंय की थोडंफार, बघ.

थोडंफार म्हणजे
काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची
आणि वाट बघायची.
कुठल्या देशात कुणी लिहिलेला गोदामाचा हिशेब,
फुकट, उघडा, आतड्यांसकट,
ओळीओळीनं खाली उतरतो
सौद्याच्या दिवशी टेम्पोतून बॉक्स उतरावेत तसा.

मग सुरू होतं मागणं.
हे नाही, ते आणा. ते आणलं तर त्याची आवृत्ती जुनी.
लग्नघरात हळद घेऊन आलेल्या पोराला
दारातनंच सुपारीला पिटाळतात, तसा
रात्री अकरापर्यंत मी नुसता आणतोय.
तेवढ्यात वीज गेली.
जनरेटर आधी बेदाणा बघतो, मग मला.

पोर्ट अडवून कोण बसलंय बघितलं
तर आपलंच जुनं बिलिंग,
वापर सुटला तरी जागा सोडली नव्हती.
उठवलं त्याला.

एका फाईलीत, कोडच्या मध्येच,
लिहिणाऱ्यानं स्वतःशी बोलल्यागत लिहून ठेवलेलं:
हे का चालतं मला कळलेलं नाही. काढू नका.
एकटाच हसलो.
बाळगोंडा अण्णांच्या वहीत असलंच असायचं,
समासात, तांबड्या पेन्सिलीनं:
तराजू पाव किलो खोटा. धरून चालावे.

दीडच्या सुमाराला पान उघडलं.
पत्ता असा, की प्रत्येक यंत्राला तो स्वतःचाच वाटतो;
हाक आपणच मारायची, ओ आपणच द्यायची.
पांढरं पान. एकूण नोंदी: ०.

चाचणीला लोक अबक लिहितात.
माझा हात उचलेना.
अण्णांची वही काढली. लॉट ४१७.
चौदा बॉक्स, हिरवा बेदाणा,
चेंबर दोन, मागची रांग.
खडूचं नाव गारठ्यानं पुसलेलं,
पावतीचा मागमूस नाही.
अण्णा गेले त्याला तीन हंगाम झाले,
मालकापुढं त्यांच्या अक्षरात एवढंच:
येईल.

माल, वजन, तारीख, सगळं भरलं.
जतन करा.
तांबड्या अक्षरात यंत्र म्हणालं,
मालक हा रकाना अनिवार्य आहे.

येईल टाकलं असतं तर घेतलं असतं त्यानं,
आणि यादीत येईल नावाचा एक बागायतदार झाला असता,
दरमहा त्याच्या नावे भाड्याचं बिल निघालं असतं.

उघडं असणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.
फाईल शोधली. ओळ दोनशे बारा.
एक शब्द खोडला,
पुन्हा सुरू केलं.

घेतलं.
एकूण नोंदी: १.

परत जाऊन त्या ओळीच्या वर
मीही लिहिलं, पुढं जो कुणी उघडेल त्याच्यासाठी:
मालक यायचाय. काढू नका.

भिंतीपलीकडं कॉम्प्रेसर धडधडून लागला.
स्वेटरला गंधकाचा वास.
सकाळी आत जाऊन बॉक्स मोजायला हवेत,
अण्णांनी आधी तेरा लिहून
मग चौदा केलेलं दिसतंय.